शेणखताने जमिनीतले विष जाते का? निफाडच्या एका कांद्याच्या शेताविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याची दीड एकर काळी जमीन. चौदा वर्षे तिथे द्राक्षबाग होती, तीन वर्षांपूर्वी काढली. यंदा खरिपात मका केला. पेरणीनंतर लगेच ॲट्राझीन हे तणनाशक मारले, तण नीट मेले नाही म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला तेवढेच पुन्हा मारले. त्यानंतर तीन आठवडे पाऊस नाही. मका काढून डिसेंबरात उन्हाळ कांदा लावला. रोपे लागली, पण पंधरवड्याने जुन्या पातींचे शेंडे पिवळे-पांढरे पडून वाळायला लागले आणि जवळजवळ निम्मी रोपे जळून बसली. चुलते म्हणतात चार ट्रॉल्या शेणखत टाक. दुकानदार ह्युमिक आणि जिवाणूंची बाटली देतोय. एक मित्र कोंबडीखत सुचवतो, दुसरा बायोचार, म्हणजे काडीकचऱ्याचा कोळसा. यातल्या कशाने विष जाईल आणि किती दिवसांत?

मी सव्वीस वर्षे माती तपासतो आणि सल्ला देतो. हा प्रश्न दर रब्बीत येतो, फक्त पिकाचे आणि औषधाचे नाव बदलते. तुमच्या चुलत्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सेंद्रिय पदार्थाने काही विषे खरोखर संपतात, काही नुसती बांधली जातात आणि काहींच्या बाबतीत चुकीचे खत टाकले तर विष जास्त दिवस टिकते. तुमच्या शेतात या तिन्ही प्रकारचे काही ना काही असण्याची शक्यता आहे. म्हणून खताची ऑर्डर देण्याआधी जरा थांबा.

आधी हे ॲट्राझीनच आहे का ते पक्के करा. कांद्याचा शेंडा थ्रिप्सने, करप्याने, क्षारानेही वाळतो. ॲट्राझीन झाडाच्या अन्न बनवण्याच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे रोप लागते, उगवते, साठ्यातले अन्न संपेपर्यंत हिरवे दिसते आणि मग जुन्या पानांपासून शेंड्याकडून सुकत येते. तुम्ही सांगितलेली लक्षणे याला जुळतात. सोयाबीनमध्ये मारतात त्या इमॅझेथापीर तणनाशकाचा अंश असता तर गोष्ट उलटी दिसली असती: नवे पान पिवळे, वाढ जागच्या जागी थांबलेली, मुळे आखूड. पण फोटोवरून मी कधीच खात्रीने सांगत नाही. कुंडीची चाचणी करा. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा आणि वेळ तीन आठवड्यांचा.

शेतातल्या दहा-बारा जागांवरून वरच्या पंधरा सेंटिमीटरची माती घ्या, एकत्र करा, चाळा. तिचे दोन भाग करा. एका भागात किलोला चमचाभर बारीक सक्रिय कोळसा चांगला मिसळा. हा कोळसा पाण्याच्या फिल्टरचे सामान विकणाऱ्याकडे किंवा रसायनांच्या दुकानात मिळतो. चुलीतला कोळसा चालणार नाही, त्याची धरून ठेवण्याची ताकद फारच कमी असते. तिसरी कुंडी बांधावरच्या, कधी फवारणी न झालेल्या मातीची. तिन्हींमध्ये मोहरी आणि काकडीचे बी टाका, उन्हात ठेवा, कारण हे औषध उजेडातच नुकसान दाखवते. पाणी इतकेच द्या की कुंडीखालून निथळणार नाही. निथळले तर औषध त्या पाण्याबरोबर निघून जाईल आणि चाचणी खोटी ठरेल. एकवीस दिवसांनी साधी कुंडी पिवळी आणि कोळशाची कुंडी हिरवी दिसली, तर दोष तणनाशकाचा. दोन्ही सारख्याच पिवळ्या असतील तर कारण दुसरे आहे, आणि मग कितीही ट्रॉल्या खत टाकून या दुखण्याचा उपाय होणार नाही.

पुष्कळ जण मला मृदा आरोग्य पत्रिका दाखवतात आणि म्हणतात, यात तर सगळे ठीक आहे. त्या पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळून बारा गोष्टी असतात. औषधाचा अंश त्यात मोजतच नाहीत. त्यासाठी औषध-अंश तपासणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते. द्राक्षवाल्यांना हे नवे नाही, निर्यातीच्या मालाचे नमुने तिथेच जातात. मातीचा नमुना देताना कोणते औषध शोधायचे आहे त्याचे नाव लिहून द्या. नाहीतर तुम्हाला लांबलचक यादी मिळेल आणि हवे ते नेमके त्यात नसेल.

आता थोडे गणित करू, कारण गणित केले की भीतीही कमी होते आणि बाटलीवरचा विश्वासही. एक एकरातल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन साधारण नऊ लाख किलो भरते. ५० टक्के पावडरीचे ८०० ग्रॅम एकरी मारले म्हणजे खरे ॲट्राझीन ४०० ग्रॅम. किलोभर मातीत ते ०.४४ मिलिग्रॅम येते. दोनदा मारले म्हणजे जवळपास ०.९. सर्वसाधारण परिस्थितीत ॲट्राझीनचा निम्मा भाग संपायला दोनेक महिने लागतात. तुमच्या दुसऱ्या फवारणीपासून कांदा लावेपर्यंत साडेचार महिने गेले, म्हणजे कागदावर पाव हिस्सा किंवा त्याहून थोडे कमी उरायला हवे होते. पण मातीला कॅलेंडर कळत नाही, तिला ओल आणि ऊब कळते. तीन कोरड्या आठवड्यांत जिवाणू झोपलेले होते. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि त्यानंतरच्या रब्बीत अशी जळालेली कांद्याची आणि हरभऱ्याची शेते मी एरवीपेक्षा बरीच जास्त पाहिली. शिवाय निफाडची डिसेंबर-जानेवारीची थंडी तुम्हाला मी सांगायला नको. त्या थंडीत उरलेले काम आणखी मंदावते.

आणखी एक गोष्ट आपल्या मातीची. आम्लधर्मी जमिनीत ॲट्राझीन जिवाणूंशिवायही, नुसत्या रासायनिक क्रियेने बऱ्यापैकी मोडते. आपल्या काळ्या मातीचा सामू आठच्या पुढे, त्यात चुनखडी, म्हणून ती वाट जवळपास बंद. गंधक टाकून सामू खाली आणू म्हणणारे भेटतात. चुनखडीच्या जमिनीत तो पैसा पाण्यात जातो, चुना सगळे आम्ल गिळून बसतो. आपल्याकडे काम करणार ते जिवाणूच, आणि म्हणून सेंद्रिय खताचा प्रश्न महत्त्वाचा.

शेणखत, कंपोस्ट, पाचट यांपैकी कुठल्याही पदार्थात विष मोडणारे काही रसायन नसते. ते दोन कामे करतात. एक, विषाचे रेणू स्वतःला चिकटवून घेतात, म्हणजे मुळापर्यंत कमी पोहोचते. दोन, जिवाणूंना आणि बुरशीला जेवू घालतात, आणि त्यांची संख्या व हालचाल वाढली की विष मोडले जाते. ही दोन कामे एकमेकांच्या आड येऊ शकतात. घट्ट चिकटलेला रेणू मुळाला मिळत नाही तसा जिवाणूलाही मिळत नाही.

ॲट्राझीनच्या बाबतीत एक खास मेख आहे. ॲट्राझीनच्या रेणूत नायट्रोजनचे पाच अणू असतात. तो मोडणारे कित्येक जिवाणू त्याच्याकडे वळतात ते या नायट्रोजनसाठी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात तणनाशक सांडलेल्या एका जागेच्या मातीतून असा एक जिवाणू वेगळा काढला गेला, १९९५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली, आणि ॲट्राझीन मोडण्याच्या त्याच्या पायऱ्या कोणत्या हे पुढे नीट उलगडले. पहिल्याच पायरीला क्लोरीन काढून टाकले जाते, आणि तेवढ्यानेच ॲट्राझीनची तण मारण्याची ताकद संपते. आता विचार करा: जिवाणूला नायट्रोजन हवा आहे. तुम्ही त्याच्यापुढे कोंबडीखत किंवा युरिया ठेवलात तर तो अवघड रेणू फोडण्याच्या फंदात कशाला पडेल? सोपा नायट्रोजन समोर असताना ॲट्राझीन मोडण्याचा वेग मंदावतो, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. उलट कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी असे खाद्य दिले, तर भुकेलेला जिवाणू ॲट्राझीनकडे वळतो.

हे मला उशिरा समजले. सुरुवातीच्या काळात सिन्नरकडच्या एका शेतकऱ्याला मी स्वतः कोंबडीखत टाकायला सांगितले होते, ‘जिवाणू वाढतील’ म्हणून. पुढच्या पिकाला मातीतला अंश कायम होता आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवून खर्च केला होता. त्या घटनेनंतर मी कुणालाही खताचा प्रकार आणि विषाचे नाव एकत्र लिहून घेतल्याशिवाय सल्ला दिलेला नाही.

म्हणून तुमच्या शेतासाठी क्रम उलटा लावा. मित्राचे कोंबडीखत या प्लॉटला आता नको. चांगले कुजलेले शेणखत मध्यम, नुकसान नाही आणि फायदा बेताचा. मक्याचा कडबा, गव्हाचे भुसकट, उसाचे पाचट, असे कार्बनने भरलेले पदार्थ बारीक करून मातीत मिसळणे जास्त उपयोगाचे. मक्याचा कडबा तर तुमच्याच शेतात पडलेला असेल, पेटवू नका. फक्त हे लक्षात ठेवा की असे कोरडे खाद्य मातीतला बराचसा मोकळा नायट्रोजन काही आठवडे अडवून ठेवते. विष मोडायला आपल्याला तेच हवे असते, पण त्या काळात पीक उभे असेल तर ते उपाशी राहून पिवळे पडेल आणि तुम्ही म्हणाल, विष वाढले. त्यामुळे हे काम पिकाच्या मध्ये, रानमोकळ्या काळातच करायचे. ताग, धैंचा ही हिरवळीची खते एरवी मी हौसेने सुचवतो, पण कोवळा ताग नायट्रोजनने भरलेला असतो, आणि ॲट्राझीनच्या रानात तो स्वतःच नीट उगवणार नाही.

चार ट्रॉल्यांचे गणितही पाहून घ्या. चार ट्रॉल्या म्हणजे साधारण दहा टन. त्यातले निम्मे पाणी. उरलेल्या पाच टनांत निम्मी माती आणि राख. खरा सेंद्रिय पदार्थ अडीच टन. नऊशे टन मातीत अडीच टन म्हणजे पाव टक्क्याहून किंचित जास्त, आणि त्यातलाही मोठा भाग वर्षभरात जळून जातो. तेव्हा शेणखताने जमीन ‘धुऊन’ निघते असे समजू नका. त्याचा जो परिणाम होतो तो त्याच्या आसपासच्या मातीत जाग आल्याने होतो, आणि जाग येण्यासाठी ओल लागते. खतावर दहा हजार घालून पाणी न देणाऱ्यापेक्षा, नुसता कडबा गाडून दोन पाणी देणाऱ्याचे रान लवकर सुधारते, हे मी पाहिले आहे.

हेच माप जीवामृताला लावा. दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन. एकराच्या नऊ लाख किलो मातीपुढे हे खाद्य किती? जीवामृताला मी नावे ठेवत नाही, नियमित वापरणाऱ्यांची जमीन मी भुसभुशीत झालेली पाहिली आहे, पण ते लोक आच्छादनही करतात, आणि खरे काम बहुधा त्या आच्छादनाचे असते. ह्युमिकच्या एकरी किलो-दोन किलोकडून ॲट्राझीनच्या बाबतीत काही अपेक्षा ठेवू नका. बाटलीतले जिवाणू विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: हा जिवाणू ॲट्राझीन मोडतो असे लेबलवर लिहिले आहे का? ट्रायकोडर्मा उत्तम बुरशी आहे, मर रोगासाठी जरूर वापरा, पण तिच्याकडून हे काम मागू नका.

बायोचारचे वेगळे आहे. पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा नीट बनवलेला बायोचार औषधे खरोखर धरून ठेवतो. त्याने पुढचे पीक वाचू शकते. पण धरलेले ॲट्राझीन तिथेच राहते, आणि पुढच्या वर्षी तुम्ही मारलेले तणनाशकही तोच बायोचार गिळतो. मग तण मरत नाही, शेतकरी डोस वाढवतो, आणि आपण जिथून निघालो तिथेच येतो. संपूर्ण शेतावर बायोचार टाकायला मी सहसा सांगत नाही. त्याची जागा दुसरी आहे, त्याबद्दल पुढे बोलतो.

आता द्राक्षबागेकडे येऊ, कारण तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि मला तिथे थांबावेसे वाटते. चौदा वर्षे बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण, मारले असेल. मोरचुदात पाव हिस्सा तांबे असते. समजा वर्षाला एकरी पाच किलो मोरचूद गेले, तर चौदा वर्षांत साडेसतरा किलो तांबे त्या एकरात पडले, म्हणजे किलो मातीमागे सुमारे १९ मिलिग्रॅम. तांबे हे मूलद्रव्य आहे. कुठलाही जिवाणू ते मोडू शकत नाही. शेणखत ते घट्ट बांधते, आणि चुनखडीच्या जास्त सामूच्या जमिनीत ते तसेही बरेचसे अडकलेले असते. बेसॉल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत मुळातच तांबे बरेच असते. त्यामुळे या आकड्याने तुमची झोप उडायला नको. फक्त तुमच्या मृदा आरोग्य पत्रिकेतला तांब्याचा आकडा एकदा नीट वाचा. सगळे जण तो ‘कमतरता नाही ना’ एवढेच पाहून सोडून देतात. ०.२ पीपीएमच्या खाली कमतरता धरतात. जुन्या बागांत तो आकडा त्याच्या कितीतरी पट दिसतो. तसा दिसला तर तांब्याची सूक्ष्म अन्नद्रव्ये विकत घेऊन घालू नका, एवढे साधे. आणि ताज्या, न कुजलेल्या खताचा रस तांब्याला पाण्यात विरघळवून खाली नेतो, म्हणून विहिरीजवळच्या भागात खत पूर्ण कुजलेलेच वापरा.

जुनी पावडर हा तिसरा प्रश्न. तुमच्या आजोबांच्या काळात या रानात बीएचसी ही कीटकनाशक पावडर पडली असेल का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती १९९७ पासून बंद आहे, तिचीच शुद्ध बहीण लिंडेन २०१३ पासून. शेतभर विखुरलेली पावडर इतक्या वर्षांत बरीच संपलेली असते, पण जिथे पोती ठेवली, सांडली, पुरली, तिथे ती अजून सापडू शकते. या विषाचा स्वभाव ॲट्राझीनच्या उलट आहे. ॲट्राझीन मोडायला हवा आणि वाफसा, म्हणजे ओल असलेली पण न तुंबलेली माती, लागते. बीएचसीतले काही घटक पाण्याने भरलेल्या, हवा कोंडलेल्या जमिनीत, सेंद्रिय पदार्थ घातला की लवकर मोडतात. कटकच्या भातसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भाताच्या खाचरात हे दाखवले. पण त्यातला बीटा नावाचा घटक दोन्हीकडे चिवट. आणि याच देशात उसाच्या मुळांजवळच्या मातीतून बीएचसी खाणारा जिवाणू मिळाला, त्यावर जगभर काम झाले. एकच शेणखत, पण एका विषासाठी रान वाफशावर ठेवायचे आणि दुसऱ्यासाठी तुंबवायचे. विषाचे नाव आधी विचारा असे मी म्हणतो ते यासाठी.

अशी जागा सापडलीच तर तिथे काकडी, भोपळा, दोडका लावू नका. वेलवर्गातली काही पिके मातीतली जुनी क्लोरीनयुक्त विषे मुळांतून उचलून फळापर्यंत नेतात. जपानमध्ये डिल्ड्रिन हे कीटकनाशक बंद होऊन तीसेक वर्षे झाल्यावर काकडीत ते सापडले आणि तिथल्या शेतकऱ्यांना जमिनीत सक्रिय कोळसा मिसळण्यापर्यंत उपाय करावे लागले. फ्रान्सच्या मार्टिनिक आणि ग्वादलूप या बेटांवर केळीच्या सोंडकिड्यासाठी १९७२ ते १९९३ दरम्यान क्लोर्डेकोन हे कीटकनाशक वापरले. ते तिथल्या मातीत आजही आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणार आहे. तिथे कंपोस्ट मिसळून पाहिले तर पिकात जाणारा अंश कमी झाला. मातीतले विष मात्र तेवढेच राहिले, नुसते कुलूपबंद झाले. खाणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे, पण कंपोस्ट संपले की कुलूप सैल होते. असे काम दरवर्षी करत राहावे लागते, आणि हे सांगितल्याशिवाय ‘कंपोस्टने जमीन शुद्ध होते’ म्हणणारा माणूस तुम्हाला अर्धेच सांगतो.

तुमच्या शेतात सर्वांत जास्त विष कुठे असेल, सांगू? ब्लोअर, म्हणजे बागेचे फवारणी यंत्र, भरायच्या हौदाजवळ. चौदा वर्षे तिथे पावडरी मोजल्या, पंप भरले, उतू गेले, टाक्या धुतल्या, रिकाम्या पुड्या टाकल्या. एकरभर औषध पातळ पसरते, पण त्या दहा बाय दहाच्या जागेत ते एकवटलेले असते. आणि बहुतेक ठिकाणी तो हौद विहिरीच्या काठालाच असतो. युरोपने २००४ मध्ये ॲट्राझीन बंद केले ते शेतातल्या पिकासाठी नव्हे, भूजलात सापडत राहिले म्हणून. तुमच्या घरचे लोक त्या विहिरीचे पाणी पीत असतील तर कांद्याआधी याकडे पाहा.

सेंद्रिय पदार्थांचा सर्वांत नेटका उपयोग मी इथे मानतो. स्वीडनमध्ये १९९३ मध्ये यासाठी पहिला जैविक खड्डा बांधला गेला. साठेक सेंटिमीटर खोल खड्डा, तळाला दहा सेंटिमीटर चिकणमातीचा थर, वर भरण. भरणात आकारमानाने निम्मे भुसकट, पाव हिस्सा पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) आणि पाव हिस्सा शेतातली माती. वर गवत लावायचे. टाकी भरण्याचे आणि धुण्याचे काम त्यावरच करायचे. भुसकटावर लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, मोडणाऱ्या बुरशी वाढतात, आणि त्यांचे रस इतके ढोबळ काम करणारे असतात की लाकडाबरोबर अनेक जातींची औषधेही मोडतात. पीट औषध धरून ठेवते, माती जिवाणू पुरवते. आपल्याकडे पीट नाही, त्याऐवजी कोकोपीट किंवा खूप जुने कंपोस्ट घ्या, आणि बायोचार घालायचाच तर इथे घाला, इथे औषध धरून ठेवणे हेच काम आहे. भुसकटाऐवजी पाचट चालते. आपल्या पावसाचे प्रमाण स्वीडनपेक्षा वेगळे. जूनपासून वर पत्र्याचे छप्पर हवेच, नाहीतर खड्डा भरून सगळे विहिरीत जाईल. भेगा पडणारी काळी माती तळाला एकटी पुरत नाही, खाली जाड प्लास्टिक अंथरा. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडू देऊ नका. भुसकट कुजून खड्डा खचतो, दरवर्षी वर भर घाला. पाच-सात वर्षांनी भरण काढून ते वर्षभर वेगळे कुजवा आणि तपासून मगच बांधावर पसरा. तांबे त्यात उरलेलेच असणार, म्हणून भाजीच्या वाफ्यात कधीच नाही.

बाहेरून खत आणणार असाल तर तेही एकदा कुंडीत तपासा. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये कुरणावर मारलेले अमिनोपायरॅलिड नावाचे तणनाशक गवतातून गायीत, गायीतून शेणात आणि शेणखतातून लोकांच्या परसबागेत पोहोचले. घेवडा, टोमॅटो, बटाट्याची पाने मुडपली. त्या वर्षी त्या औषधाची विक्री थांबवावी लागली. गायीच्या पोटातून आणि उकिरड्यातून जाऊनही ते मोडले नव्हते. थोडे खत मातीत मिसळून घेवड्याचे चार दाणे लावले की पंधरा-वीस दिवसांत कळते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. उभ्या कांद्यात ॲट्राझीनवर उतारा नाही. वरून काहीही फवारून ते उतरणार नाही, तो खर्च करू नका. जिथे निम्म्याहून जास्त रोपे उभी आहेत तो भाग ठेवा, थोडे थोडे पाणी देत राहा, पण युरियाचा हप्ता वाढवू नका. जो भाग बसला आहे तो मोडा. मोडलेल्या भागात हरभरा, गहू, भाजीपाला काही नको, सगळे याला हळवे आहेत. चाऱ्याची ज्वारी किंवा मका लावा. मक्याच्या अंगात ॲट्राझीन निकामी करण्याची सोय असते, म्हणूनच ते मक्यात मारता येते. शिवाय मुळांभोवती जिवाणूंची गर्दी होते, तीही कामाला येते. अंश कमी होतो आणि गोठ्याला वैरण मिळते.

चारा निघाला की मार्च-एप्रिलमध्ये एक नांगरट खोल करा. वरच्या पंधरा सेंटिमीटरमधले औषध तीस सेंटिमीटरमध्ये मिसळले की ते निम्मे पातळ होते. यात जादू काही नाही, पण पहिल्याच दिवशी मिळणारा हा फायदा लोक विसरतात. मग कडब्याचे, पाचटाचे बारीक तुकडे रोटाव्हेटरने वरच्या थरात मिसळा. एकरी दोन-तीन टन पुरे. त्यावर एक पाणी द्या, वाफसा टिकेल इतकेच, तुंबवू नका. मे महिन्यात विहिरीत जे काही असेल त्यातून शक्य झाले तर आणखी एक. ऊब आणि ओल एकत्र मिळण्याची हीच वेळ, थंडीत दोन महिन्यांत होत नाही ते इथे लवकर होते. पाणी अजिबात नसेल तर काडी मिसळून ठेवा आणि जूनच्या पहिल्या पावसाला काम करू द्या. त्या खरिपात मका घेतलात तर ॲट्राझीनची आठवण काढू नका, कोळपणी करा. कुजलेले शेणखत त्यानंतर, काडी कुजून गेल्यावर, कांद्याच्या तयारीत घाला. तेव्हा त्यातला नायट्रोजन पिकाला लागणारच आहे. चुलत्यांच्या चार ट्रॉल्यांची जागा ती.

आणि रोप टाकण्याआधी, सप्टेंबरात, पुन्हा त्याच तीन कुंड्या. या वेळी मोहरीबरोबर कांद्याचे बीही टाका. हौदाजवळची माती शेताच्या नमुन्यात मिसळू नका, तिची चौथी कुंडी वेगळी करा.